डॉक्युमेंटेशनमध्ये स्टँडर्डचा नुसता नंबर लिहून भागतं का?

निवांत_कोडर: एपीआयच्या (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशनमध्ये हमखास दिसणारं वाक्य: 'तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे पाठवावी.' झालं, हात झटकले! अहो, तारीख-वेळ लिहायच्या त्या स्टँडर्डात २०२४-०३-०५ बसते, २०२४-०६५ (वर्षातला ६५ वा दिवस) बसते आणि २०२४-डब्ल्यू१०-२ (दहाव्या आठवड्याचा दुसरा दिवस) सुद्धा बसते. तिन्हींचा अर्थ ५ मार्च, मंगळवार. तुमचा पार्सर, म्हणजे तारीख वाचणारा कोड, यातलं काय घेतो? टाइमझोन न लिहिलेली वेळही त्यात चालते, मग ती इथली धरायची की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ? खात्री करायला जावं तर मूळ दस्तऐवज विकत घ्यावा लागतो. त्यापेक्षा आरएफसी (इंटरनेटच्या तंत्रांचे नंबर दिलेले दस्तऐवज) ३३३९ लिहा ना. २००२ ची आहे, फुकट वाचता येते, आठवड्यांची भानगड नाही आणि वेळेसोबत ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, द्यावाच लागतो.

खडूस_बॅकएंडवाला: साफ असहमत. आरएफसी वाचतं कोण? ज्युनिअर पोरं उदाहरण कॉपी-पेस्ट करतात. सीनिअरही तेच करतात, फक्त कबूल करत नाहीत. +०५:३० असलेलं एक धड उदाहरण द्या, विषय संपला. शिवाय नंबर शिळे होतात. वेबच्या प्रोटोकॉलची, एचटीटीपीची, १९९९ ची आरएफसी २६१६ घ्या. २०१४ मध्ये तिच्या जागी सहा आरएफसी आल्या, २०२२ मध्ये पुन्हा ९११० वगैरे. तरी लोक २६१६ च मिरवतायत.

निवांत_कोडर: उदाहरणावरून काय चालतं ते कळतं, काय चालत नाही ते कसं कळणार? मिलिसेकंद पाठवले तर? आणि आरएफसी एकदा निघाली की तिचा मजकूर बदलत नाही, बदल हवा तर नवा नंबर निघतो. म्हणजे नंबर दिला की तुम्ही नेमकं काय वाचून कोड लिहिलात ते तरी समजतं. शिळा का असेना.

क्यूए_वाली: याच्याशी सहमत. एका व्हेंडरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'रिस्पॉन्स जेसनमध्ये (डेटा मजकुरात लिहायचा फॉरमॅट) येईल' एवढंच होतं. आला काय, तर नुसता ट्रू. कंस नाही, काही नाही. आमची जुनी लायब्ररी आडवी झाली. आता जेसनच्या २००६ च्या आरएफसी ४६२७ नुसार बाहेर ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरे, म्हणजे कंस, लागतो, २०१४ च्या ७१५९ पासून कुठलीही व्हॅल्यू चालते. बग कोणाचा? दोन्ही टीम हट्टाला पेटल्या. नंबर असता तर तिकीट कोणाच्या नावावर टाकायचं एवढं तरी ठरलं असतं.

खडूस_बॅकएंडवाला: बरं, टाका नंबर. पण खाली 'यातलं हे हे आम्ही पाळत नाही' हेही लिहा. ते लिहायला कुठलीच टीम तयार नसते. तोवर मी उदाहरणावरच विश्वास ठेवणार. चालू द्या.