द पोलीस: तुम्हाला हा बँड कोणी ऐकवला?

चिंचेचं पान:
परवा नाशिकला लग्नाला गेले होते. अक्षता पडल्या, हार घालून झाले आणि स्टेजच्या बाजूला बसलेल्या कीबोर्डवाल्या मुलाने 'द पोलीस' या इंग्लिश रॉक बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' सुरू केलं. माझ्या हातात आहेराचं पाकीट, आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. नवरीच्या आईला वाटलं लेक सासरी चालली म्हणून रडतेय, तिनेच मला जवळ घेतलं.

मला दादा आठवला. डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या, त्यात त्याचा टेपरेकॉर्डर सांडशीच्या खिळ्याला टांगलेला. १९८४ असेल. त्याच्या मित्राच्या भावाने गल्फहून त्यांच्या 'सिंक्रोनिसिटी' अल्बमची कॅसेट आणली होती, त्यावरून कॉपी केलेली आमची. मी तेरा वर्षांची, हे गाणं लागलं की लाजायचे. दादा म्हणाला, "अगं, हे प्रेमाचं नाहीये. हा माणूस तिच्यावर पाळत ठेवतोय. नीट ऐक." त्या दिवसापासून मी गाण्याचे शब्द ऐकायला लागले, सगळ्याच गाण्यांचे.

त्याआधी मार्च १९८० मध्ये पोलीस मुंबईत येऊन वाजवून गेले होते. टाइम अँड टॅलेंट्स क्लब नावाच्या बायकांच्या संस्थेने तो कार्यक्रम ठेवला होता, आणि दादा गेला होता, एकोणीस वर्षांचा. शेवटची लोकल चुकली, व्हीटीला बाकावर झोपला, पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी. आई दारातच उभी होती. तो एवढंच म्हणाला, "आई, तिघंच होते गं. तिघांनी एवढं वाजवलं."

दादा २०२१ मध्ये गेला. त्याच्याशी या बँडबद्दल बोलायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून म्हटलं इथे विचारावं, तुम्हाला कोणी ऐकवला? काय राहिलंय मनात?

ताशा कडक:
ताई 🙏
मी ढोलपथकात ताशा वाजवतो, त्याआधी सहा वर्षं तबला शिकलोय. पोलीसचा ड्रमर स्टुअर्ट कोपलँड, त्याचं हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) ऐकलं आणि माझं सगळं शिकणंच हललं, खरं सांगतो. 'वॉकिंग ऑन द मून' घ्या. जमैकाच्या रेगे संगीतात तो वन ड्रॉप नावाचा ठेका असतो ना, पहिल्या मात्रेवर ड्रम नाहीच, ठोका तिसरीवर. मी गुरुजींना ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून हातावर मात्रा मोजल्या आणि म्हणाले सम रिकामी ठेवतोय हा, पण बघ, ती सगळ्यांना ऐकू येतेय. नंतर चहा आला तरी त्यांनी गाणं थांबवू दिलं नाही. बाकी लोक गायक आणि बास वाजवणारा म्हणून स्टिंग स्टिंग करतात, पण हा बँड १९७७ ला उभा केला तो कोपलँडने, हे विसरू नये. आणि त्याचं लहानपण कैरो आणि बैरूतमध्ये गेलंय, तिथले ताल कानात बसलेले, म्हणून तो इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याच पंक ड्रमरसारखा वाजत नाही.

भीमथडी:
नाशिकला कुठलं कार्यालय होतं? पुतणीचं डिसेंबरात करायचंय. पार्किंग आहे का

अर्धा चहा:
लग्नात हे गाणं 😭 आमच्या मावसबहिणीच्या रिसेप्शनला पण. स्टिंगनेच किती मुलाखतींत सांगितलंय की हे गाणं वाईट मनाच्या, हेवा करणाऱ्या माणसाचं आहे, तरी लोक लावतातच. चालच इतकी गोड आहे, काय करणार.

मला बाबांनी ऐकवला. जानेवारी २०२४ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाला स्टिंग आला तेव्हा मी बाबांना घेऊन गेले. बाबा ६८, गुडघे दुखतात, स्टिंग ७२. मी फोल्डिंग स्टूल आत नेऊ देतील का म्हणून आठवडाभर टेन्शनमध्ये, नाही दिला. पण पोलीसची गाणी सुरू झाल्यावर बाबा बसले नसतेच. 'मेसेज इन अ बॉटल'ला आजूबाजूची विशी-बाविशीची पोरं पण सगळे शब्द म्हणत होती. बाबा मला कानात म्हणाले यांना कोणी शिकवलं गं. मी म्हटलं बाबा, तुमच्यासारख्यांनीच.

माळावरचा मास्तर:
मी सांगली जिल्हा, शाळेत शिक्षक. ८८-८९ साली आमच्या इकडं कॅसेट भरून देणारा एक जण होता, कोरी कॅसेट आपण द्यायची आणि गाण्यांची यादी द्यायची. यादीत पोलीसचं 'रॉक्सॅन' लिहिलं होतं. घरी येऊन लावलं तर सुरुवातीलाच पियानोवर काहीतरी धाडकन चुकीचं वाजतं आणि कुणीतरी हसतं. मला वाटलं कॅसेट खराब भरली, सायकल काढली, सात किलोमीटर परत. त्यानं मूळ कॅसेट लावून दाखवली, तिच्यातपण तेच. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की स्टिंग पियानोचं झाकण लावलेलं आहे समजून त्यावर टेकला, पट्ट्या दाबल्या गेल्या आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. चूक झाली तर खोडरबर घेऊन बसायचं नाही, हे मी तिथं शिकलो. माझ्या वर्गातल्या पोरांना निबंध तपासून देताना मला दरवेळी ते हसणं आठवतं.

स्टिंगपण आधी प्राथमिक शाळेत मास्तर होता बरं का. आम्हा लोकांना त्याचा अभिमान आहे.

सहावी तार:
मास्तर, काय सुरेख लिहिलंत.

बँडचा गिटारवाला अँडी समर्स, त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो, भाजी निवडत बसलोय एका हाताने टाइप करतोय. 'एव्हरी ब्रेथ'ची ती गिटार वाजवून बघा. कॉर्डमधला नववा सूर धरायला बोटं अशी ताणावी लागतात की करंगळी दुसऱ्या दिवशी दुखते. माझी मुलगी अकरा वर्षांची, तिची बोटं पोचत नाहीत, तर ती रोज स्केलपट्टीवर बोटं ताणून मोजते, किती वाढली. समर्स बाकी दोघांपेक्षा बराच मोठा, जन्म १९४२ चा, आधी कुठकुठल्या बँडमधून वाजवून आलेला, आणि या दोन तरुणांमध्ये येऊन त्याने गिटार कमी वाजवायची ठरवली. मोकळी जागा सोडली. मला त्याचं फार वाटतं कारण गाण्याचा लेखक म्हणून नाव फक्त स्टिंगचं. १९९७ ला अमेरिकन रॅपर पफ डॅडीच्या गाण्यात हीच गिटार जगभर वाजली तेव्हाही. ज्याने ती बोटं ताणली त्याचं नाव यायला हवं होतं.

पाणवठा:
थोडं वेगळं मत. रागावू नका. मी आधी रेगे गायक बॉब मार्ले ऐकला आणि मग पोलीस, त्यामुळे मला कायम वाटत आलंय की जमैकाच्या गरीब वस्त्यांतलं संगीत उचलून तीन गोऱ्या माणसांनी ते जगाला विकलं. दुसऱ्या अल्बमचं नावच 'रेगाटा द ब्लांक', म्हणजे साधारण 'गोऱ्यांचं रेगे'. गाणी मला पण आवडतात, पण वारसा म्हणताना हेही म्हणायला हवं.

ताशा कडक:
@पाणवठा बरोबर आहे तुमचं, म्हणायलाच हवं. मी उलट्या दिशेने गेलो, पोलीसमुळे मार्लेपर्यंत पोचलो. पथकातल्या चार पोरांना पण घेऊन गेलो.

हडसनकाठी:
ऑगस्ट ७, २००८. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बाळ पाच महिन्यांचं, नवरा म्हणाला तू जा मी सांभाळतो, जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने एकटी गेले. २००७ ला व्हँकूवरला सुरू झालेल्या रियुनियन टूरचा तो शेवटचा कार्यक्रम, सगळ्यांना माहीत होतं की यानंतर नाही. माझ्या शेजारी एक बाई, साठीची, १९८३ ला न्यूयॉर्कच्याच शे स्टेडियममधल्या त्यांच्या कार्यक्रमाला पण होती म्हणे. आम्ही दोघी एकमेकींना ओळखत नाही आणि शेवटी हात धरून उभ्या. घरी आले तर दोघं सोफ्यावर झोपलेले, बाळाच्या दुधाची बाटली नवऱ्याच्या हातात तशीच. आता तो मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि मला विचारतो की तू मला सोडून गेलीस त्या बँडचं एक गाणं सांग. हो, गेले. परत जाईन.

चिंचेचं पान, तुमच्या दादांचं "तिघंच होते गं" वाचून अंगावर काटा आला. मला पण तिथे तेच वाटलं.

बंगळूरकरीण:
कोपलँडचं पुढे भारताशी नातं जुळलंच की. आमच्या बंगळूरच्या संगीतकार रिकी केजबरोबर 'डिव्हाइन टाइड्स' अल्बम केला, २०२२ ला ग्रॅमी मिळालं, पुढच्या वर्षी त्याच अल्बमला आणखी एक. ऑफिसात आम्ही पेढे वाटले होते. कुकर झाला, येते परत.

अर्धा चहा:
@हडसनकाठी ❤️ मुलाला 'एव्हरी लिटल थिंग' ऐकवा.

भीमथडी:
जेवण कसं होतं नाशिकला? केटरर त्यांचाच की बाहेरचा

सहावी तार:
भीमथडी काका, धागा वाचा आधी 😄

भीमथडी:
वाचला हो पूर्ण. मला इंग्रजी गाण्यांतलं कळत नाही पण डोंबिवलीच्या आईंचं वाचून माझी आई आठवली. मी पण शेवटची गाडी चुकवायचो, नाटकाच्या तालमींमुळे. आई न जेवता थांबायची. असो. पुतणीचं लग्न ठरल्यापासून घरात दुसरा विषय नाही, म्हणून विचारतोय.

हडसनकाठी:
अजून एक राहिलं. 'सिंक्रोनिसिटी' त्यांनी कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर एका स्टुडिओत रेकॉर्ड केला तेव्हा एकमेकांशी इतकं वाजलेलं होतं की तिघं तीन जागी बसून वाजवत होते, कोपलँडचे ड्रम तर जेवणाच्या खोलीत. आणि त्यातलं 'एव्हरी ब्रेथ' अमेरिकेत आठ आठवडे एक नंबरवर. तो स्टुडिओ पुढे १९८९ च्या वादळात उद्ध्वस्त झाला. भांडत असताना इतकं एकत्र कसं वाजवलं असेल, माझ्या सासरी दोन दीर बोलत नाहीत तर साधी पूजा होत नाही.

चिंचेचं पान:
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. मास्तर, दादाला तुमची सायकलची गोष्ट फार आवडली असती. पाणवठा, तो पण मार्ले ऐकायचा, त्याच्याशी तुमचं जमलं असतं.

काका, कार्यालयाचं नाव व्यनि केलंय. पार्किंग आहे पण उतारावर आहे, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. केटरर त्यांचाच, मसालेभात छान होता.

वहिनीला आज फोन केला. ती कॅसेट तिने ठेवली आहे, दादाच्या हातचं नाव अजून दिसतंय त्यावर. पण टेप बाहेर आलीये, गुंता झालाय, आणि लावायला घरात काही नाही.

ताशा कडक:
ताई, ओढू नका. कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका. षट्कोनी पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळा, आणि जिथे चुरगळली असेल तिथे हात लावू नका, मी बघतो. माझ्याकडे ठाण्याला चालू कॅसेट डेक आहे, हेड साफ केलेला. बुरशी नसेल तर वाजेल. एकदा वाजली की मी तिची फाइल करून देतो, भाच्यांना पाठवता येईल.

चिंचेचं पान:
रविवारी येऊ का? वहिनी पण यायचं म्हणतेय. तिने ती कधी ऐकलीच नव्हती म्हणे, लग्नानंतर तो कानाला हेडफोन लावून ऐकायचा.

ताशा कडक:
या ना. चारनंतर या, त्याआधी पथकाची प्रॅक्टिस असते. स्टेशनला घ्यायला येतो.