परतीची तारीख कोणाची?

ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये कोणते क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंची माहिती आणि कामे एकत्र बांधणारे साचे, असावेत, असा मूळ प्रश्न आहे. वरच्या प्रतिसादात ग्रंथालयाच्या वर्णनातील नामे अधोरेखित करून ‘पुस्तक’ आणि ‘सभासद’ हे दोन क्लास काढले आहेत, ते योग्यच आहे. मात्र परतीची तारीख ‘पुस्तक’मध्ये ठेवण्याला माझा आक्षेप आहे. तेच पुस्तक पुढे दुसऱ्या सभासदाकडे गेले की जुनी तारीख पुसली जाते आणि उशिराचा दंड कोणाकडून घ्यायचा, हे सांगता येत नाही. ती तारीख ‘देवघेव’ या तिसऱ्या क्लासची आहे, आणि तो वर्णनात ‘पुस्तक नेले’ अशा क्रियापदात दडलेला असतो.

इनहेरिटन्सबाबत, म्हणजे मूळ क्लासचे गुण उपक्लासने वारशाने घेण्याबाबत, ‘हा त्याचा एक प्रकार आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. मूळ क्लासला जे जे करता येते, ते सारे उपक्लासलाही शोभले पाहिजे. खुद्द जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निर्मात्यांनाही येथे ठेच लागली आहे: त्यांचा ‘स्टॅक’ (चळत) हा क्लास ‘व्हेक्टर’चा, म्हणजे कुठेही वस्तू घालता येणाऱ्या यादीचा, वारसा घेतो, त्यामुळे जिच्यात फक्त वरूनच ठेवायचे आणि काढायचे, त्या चळतीच्या मधोमधही वस्तू खुशाल घुसवता येते. ‘शिक्षक सभासद’ आणि ‘विद्यार्थी सभासद’ यांच्यात फरक केवळ किती पुस्तके नेता येतात एवढाच असेल, तर मी उपक्लास न करता ‘सभासद’मध्ये एक फील्ड (माहितीचा रकाना) वाढवीन.