पोस्टग्रेसमधल्या अनाथ फायली: सर्व्हर चालू असताना हटवाव्यात का?

ताळेबंद
पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये व्हॅक्यूम फुल, क्लस्टर किंवा मोठा रीइंडेक्स (टेबल वा इंडेक्स नव्या फायलीत पुन्हा लिहिणाऱ्या कमांड) चालू असताना बॅकएंडला (एका जोडणीचं काम करणाऱ्या प्रोसेसला) किल -९ बसला, म्हणजे ती जबरदस्तीने मारली गेली, किंवा डिस्क भरून सर्व्हर कोसळला, की अर्धवट लिहिलेली नवी फाइल डेटा डिरेक्टरीत तशीच राहते; हीच अनाथ फाइल. क्रॅश रिकव्हरी तिला हात लावत नाही. 300 जीबीच्या टेबलावर हे झालं तर एकेक जीबीचे शे-दोनशे तुकडे बेवारस पडून राहू शकतात.

माझं मत: यासाठी डाउनटाइम नको. आधी आकडा काढा. पीजी_डेटाबेस_साइझ डिरेक्टरीतल्या सगळ्या फायली मोजतं, अनाथ धरून. त्यातून पीजी_क्लासमधल्या (टेबलं-इंडेक्स यांची नोंद ठेवणारा कॅटलॉग) प्रत्येक ओळीचा पीजी_रिलेशन_साइझ वजा करा, चारही फोर्क, म्हणजे टेबलाच्या वेगवेगळ्या कामांच्या फायली, धरून (मेन, एफएसएम, व्हीएम, इनिट), शेअर्ड कॅटलॉग (सगळ्या डेटाबेसना सामाईक) वगळून. इथे पीजी_टोटल_रिलेशन_साइझ वापरलं तर इंडेक्स आणि टोस्ट (मोठ्या मूल्यांची बाजूची साठवण) दोनदा मोजले जातात नि उत्तर उणे येतं. फरक किरकोळ असेल तर विषय संपला. काही जीबी असेल तर बेसखालची त्या डेटाबेसची डिरेक्टरी वाचा, फायलींची नावं पीजी_क्लासच्या रिलफाइलनोड कॉलमशी (फायलीचा क्रमांक) ताडा, न जुळणाऱ्या उडवा.

शून्यबाइट
आकडा काढायची पद्धत चोख. शेवटच्या वाक्याशी कडक असहमत.

रिलफाइलनोड हा कॉलम ताडलात तर डेटाबेस हातचा गेला. पीजी_क्लास, पीजी_अ‍ॅट्रिब्यूट, पीजी_टाइप, पीजी_प्रोक आणि त्यांचे इंडेक्स मॅप्ड असतात. त्यांच्या ओळीत तिथे 0 असतो, खरा क्रमांक पीजी_फाइलनोड.मॅप या फायलीत. ताज्या डेटाबेसमध्ये तुमच्या यादीत 1259 नावाची फाइल 'अनाथ' म्हणून येईल. ती म्हणजे खुद्द पीजी_क्लास!

म्हणून पीजी_फाइलनोड_रिलेशन(0, क्रमांक) हे फायलीच्या क्रमांकावरून टेबल सांगणारं फंक्शन विचारा; नल (रिकामं उत्तर) आलं तरच संशय घ्या. तेही त्याच डेटाबेसला जोडून, कारण दुसऱ्या डेटाबेसमधून विचारलं तर जवळपास सगळंच बेवारस दिसतं. वेगळ्या टेबलस्पेससाठी (डेटा ठेवायची दुसरी जागा) 0 च्या जागी तिचा ओआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक). आणि यादीत फक्त अंकांनी सुरू होणारी नावं घ्या, मागचे .1, .2 किंवा _एफएसएम, _व्हीएम, _इनिट काढून. टी ने सुरू होणाऱ्या टेंपररी टेबलांच्या फायली या हिशोबात नकोत.

पण नल आलं म्हणजेही पुरावा नव्हे. दुसऱ्या सत्रात बिगिन, क्रिएट टेबल, दहा लाख ओळी, कमिट बाकी: तुमच्या सत्राला कॅटलॉगची ती ओळ दिसत नाही, फाइल मात्र डिस्कवर आहे. तुम्ही ती उडवलीत तर समोरच्याचं कमिट कदाचित होईलही, टेबल फुटकं निघेल.

ताळेबंद
1259 चा मुद्दा मान्य, कॉलम ताडणं मागे घेतो. कमिट न झालेल्याचं म्हणाल, तर 'फाइल तासभर जुनी हवी' ही अट लावली की भागतं.

शून्यबाइट
नाही भागत. सकाळी टेबल भरून दुपारपर्यंत नुसतं उघडं बसलेलं ट्रान्झॅक्शन असेल, तर फायलीची वेळ सकाळचीच राहते. तुलना घड्याळाशी करू नका, पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमधल्या सर्वात जुन्या एक्सअ‍ॅक्ट_स्टार्टशी (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) करा. फाइल त्याआधीची असेल तरच पुढे.

उंबरठा
एवढा घोळ कशाला? रात्री एक रीस्टार्ट घ्या. उघडी ट्रान्झॅक्शन्स मरतात, मग ज्याला नल येतं ते अनाथ.

शून्यबाइट
प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स (दोन टप्प्यांच्या कमिटसाठी तयार करून ठेवलेली) रीस्टार्टनंतरही जिवंत असतात. पीजी_प्रिपेअर्ड_एक्सअ‍ॅक्ट्स रिकामं आहे ना, ते आधी बघा. मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मुळात 0 असतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न येतच नाही. जिथे येतो तिथे मात्र रडवतो.

कातरवेळ
पीजी_ऑर्फन्ड एक्स्टेन्शनचं नाव कोणीच घेतलं नाही? ते डर्टी स्नॅपशॉट वापरतं, म्हणजे कमिट न झालेल्या ओळीही बघतं. वर शून्यबाइट ज्यावर अडले नेमकं तेच. शिवाय फायली थेट उडवत नाही, आधी बाजूला हलवतं. हाताने लिहिलेल्या क्वेरीपेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवेन.

उंबरठा
प्रॉडक्शनवर बाहेरचं एक्स्टेन्शन घालायला परवानगी मिळेपर्यंत डिस्क भरलेली असते. :) आणि हलवायचंच तर एमव्ही (फाइल हलवायची कमांड) आहेच की. काही बोंबललं तर परत आणू.

शून्यबाइट
एमव्हीने लगेच काहीच बोंबलत नाही, हीच तर अडचण. त्याच फाइलसिस्टिमवर हलवलंत तर ते फक्त नाव बदलणं. ज्या बॅकएंडने फाइल उघडून ठेवली आहे तो हलवलेल्या जागीच लिहीत राहतो. एरर येते ती कोणी नव्याने उघडायला गेलं तेव्हा, कदाचित दोन दिवसांनी. आणि परत आणताना आधी बघा, तोच क्रमांक मधल्या काळात नव्या टेबलाला तर मिळाला नाही ना. फाइल जागेवर असेपर्यंत पोस्टग्रेस तो क्रमांक टाळतं, हलवल्यावर नाही.

त्यामुळे माझा क्रम: डिस्कला श्वास असेल तर यादी आज करा, हटवणं रीस्टार्टच्या खिडकीत. सर्व्हर बंद करण्याआधी तीच यादी पुन्हा काढा. दोन्हीकडे सारख्या असलेल्या फायलीच वेगळ्या डिस्कवर न्या, कारण त्याच डिस्कवर हलवून एक बाइटही सुटत नाही.

ताळेबंद
रीस्टार्टला मी अजूनही तयार नाही, पण वेगळ्या डिस्कचं पटलं. यादीत 0 बाइटच्या फायली येताहेत, त्यांचं काय?

कातरवेळ
त्या सोडा. टेबल ड्रॉप केल्यावर पहिला तुकडा रिकामा करून पुढच्या चेकपॉइंटपर्यंत (साचलेले बदल डिस्कवर उतरवायचा टप्पा) मुद्दाम ठेवतात, क्रमांक लगेच पुन्हा वापरला जाऊ नये म्हणून. चेकपॉइंट देऊन यादी परत काढा.

आणि स्टँडबाय (प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तिथेही वेगळं बघा. फाइल तयार झाल्याची नोंद वॉलमधून (बदलांच्या नोंदवहीतून) तिकडे पोचलेली असते, तुमचं एमव्ही पोचत नाही.