बोलून लावलेला दिवा नियमामुळे पुन्हा बंद होतो, काय करावे?

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार मंडळी. आमच्या दिवाणखान्यात झिग्बी या बिनतारी पद्धतीवर चालणारे चार स्मार्ट बल्ब आहेत आणि त्यांचे सर्व नियम घरातल्याच एका छोट्या संगणकावर, होम असिस्टंट या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले आहेत. कोणी खोलीत आले की हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमुळे दिवे लागतात आणि पाच मिनिटे हालचाल दिसली नाही की बंद होतात. सासूबाई पहाटे साडेपाचला पोथी वाचायला बसतात. त्या इतक्या स्थिर बसतात की थोड्याच वेळात खोलीत अंधार होतो. मग त्या स्पीकरला ‘हॉल की लाइट चालू करो’ असे सांगतात, दिवा लागतो आणि दोन-तीन पाने होईपर्यंत पुन्हा मालवतो. काल बोट ठेवलेली ओवी हरवली, तेव्हा त्या पोथी मिटून उठून गेल्या, आणि मला फार वाईट वाटले. मुदत अर्ध्या तासाची केली, तर येता-जाता लागलेले दिवे उगाच चालू राहतात. माणसाने तोंडाने दिलेली आज्ञा नियमापेक्षा वरचढ ठरावी, अशी व्यवस्था करता येते का?

दिवेलागण (पुणे):
ताई, करता येते. मात्र आधी असे का होते ते पाहू. आपला सेन्सर शरीराच्या उष्णतेतील बदल टिपतो. स्थिर बसलेले माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतेच. सासूबाईंनी बोलून दिवा लावला, पुढे पान उलटताना हात हलला की सेन्सर क्षणभर जागा होतो, पुन्हा शांत होतो आणि तिथून नवी पाच मिनिटे मोजली जातात. दिवा कोणी आणि कशासाठी लावला, याची त्या नियमाला कल्पनाच नसते.

म्हणून आवाजाने थेट बल्ब लावू नका. होम असिस्टंटमध्ये ‘वाचन’ नावाचा एक आभासी स्विच (प्रत्यक्ष बटण नसलेला, फक्त सॉफ्टवेअरमधला) तयार करा आणि बोललेली आज्ञा त्या स्विचला जोडा. स्विच चालू झाला की दिवे पूर्ण प्रकाशाने लागावेत, आणि दिवे बंद करणाऱ्या नियमात ‘वाचन बंद असेल तरच’ एवढी एक अट घालावी. सोबत दोन तासांचा टायमर ठेवा. तो संपला की ‘वाचन’ आपोआप बंद व्हावे, म्हणजे कोणी सांगायला विसरले तरी अडचण नाही. त्याच वेळी दिवेही बंद करायला सांगा, कारण सेन्सर आधीच शांत असेल तर पाच मिनिटांचा नियम तेव्हा नव्याने सुरू होत नाही.

एक बारीक गोष्ट मला स्वतःला महिनाभर सतावत होती. वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला, की आभासी स्विच आपली आधीची स्थिती लक्षात ठेवतो, पण टायमर ती ठेवत नाही. परिणामी ‘वाचन’ चालूच राहते आणि दिवा दिवसभर जळतो. टायमरच्या सेटिंगमध्ये स्थिती पूर्ववत करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. शिवाय सकाळी नऊ वाजता ‘वाचन’ आणि दिवे दोन्ही बंद करणारा एक स्वतंत्र नियमही ठेवावा.

पंचगंगा (कोल्हापूर):
वरील उपाय योग्य आहे, परंतु मी आधी सेन्सर बदलेन. वयस्कर माणसाला दिव्यासाठी मुळात बोलावेच का लागावे? मिलिमीटर लहरींवर चालणारा उपस्थिती-सेन्सर श्वासोच्छ्वासाने होणारी छातीची हालचालही टिपतो, त्यामुळे स्थिर बसलेले माणूस त्याला दिसते. आपल्याकडे त्याची खरी अडचण छताच्या पंख्याची असते: फिरणारी पातीही त्याला हालचालच वाटतात आणि रिकाम्या खोलीत दिवे चालू राहतात. तो छताला न लावता खुर्चीसमोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर लावावा आणि त्याचे हालचाल टिपण्याचे अंतर खुर्चीपुरतेच मर्यादित करावे. त्याला बहुधा कायम वीज लागते. सेलवर चालणाऱ्या सेन्सरच्या जागी तो लावताना जवळ प्लग आहे की नाही, ते आधी पाहावे.

खाडीकिनारा (ठाणे):
भिंतीवरचा स्विच कोणी सवयीने बंद करते का, तेही पाहा. तो बंद झाला की बल्बची वीजच तुटते, मग आवाज आणि नियम दोन्ही निरुपयोगी ठरतात. झिग्बीमध्ये असा बल्ब बहुधा इतर उपकरणांचे संदेशही पुढे पोहोचवत असतो, त्यामुळे दिवाणखान्यातला स्विच बंद केल्यावर स्वयंपाकघरातला सेन्सरही गप्प होऊ शकतो. आमच्या घरी नेमके हेच घडत होते. तसेच वीज परत आल्यावर बल्बने काय करावे, ही सेटिंग ‘आधीची स्थिती’ अशी ठेवा, नाहीतर रात्री दोनला वीज आली की सगळे घर उजळते. राउटर आणि संगणक इन्व्हर्टरवर असावेत.

गोदाकाठ (नाशिक):
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘वाचन’ स्विच आणि नऊ वाजताचा नियम काल रात्रीच लिहिला. आज पहाटे सासूबाईंनी ‘वाचन चालू करो’ असे एकदाच सांगितले आणि अध्याय पूर्ण होईपर्यंत दिवा तसाच राहिला. उपस्थिती-सेन्सर मागवला आहे. खुर्चीसमोरच्या भिंतीवर प्लग नाही, तेव्हा वायरमनला रविवारी बोलावले आहे. पंचगंगा, पंखा पाचवर असताना अंतर किती ठेवावे, हे आपल्या अनुभवावरून सांगू शकाल का? खुर्ची भिंतीपासून सहा फुटांवर आहे.

पंचगंगा (कोल्हापूर):
दोन मीटर ठेवून पाहा. पंखा पूर्ण वेगात ठेवून खोली दहा मिनिटे रिकामी सोडा. सेन्सरने तरीही कोणी असल्याचे दाखवले, तर अंतर न बदलता आधी संवेदनशीलता एकेक पायरी कमी करा.