पावसात किंचाळणारा बेल्ट: बदलण्यापूर्वी काय तपासावे?

कळंबेकर
नमस्कार. माझ्या पेट्रोल हॅचबॅकचे ६०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी इंजिन चालू करताच बॉनेटखालून कर्कश किंकाळी येते. ती थोड्या वेळाने थांबते, पण गोकुळ शिरगावला जाताना एसी, वायपर आणि दिवे एकदम चालू असले की पुन्हा ऐकू येते. एका गॅरेजमध्ये इंजिनाच्या जोराने अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या बेल्टवर स्प्रे मारून दिला. आवाज गेला आणि आठवडाभरात परतला. आता बेल्ट बदलण्याचा सल्ला मिळतो आहे, परंतु त्यावर एकही भेग दिसत नाही. खर्च करण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?

उद्यमनगरचा कारागीर
भेग नसणे म्हणजे बेल्ट चांगला असणे नव्हे. पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट भेगाळत असत. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट बहुधा भेगा न पडताच झिजतात, त्यांच्या खाचा रुंद होतात आणि पुलीवरची पकड सुटते. म्हणून बेल्टची आतली, खाचांची बाजू उजेडात पाहावी.

आपला आवाज भार वाढला की येतो, ही मोठी खूण आहे. स्टार्टरने खर्च केलेली वीज अल्टरनेटर भरून काढत असतो, त्यात एसीचा कॉम्प्रेसर आणि दिवे यांची भर पडते, आणि ओलसर, सैल बेल्टला तो भार पेलवत नाही. इंजिन चालू ठेवून, बाह्या व हात फिरत्या भागांपासून दूर ठेवून, बेल्टच्या खाचांवर थोडे स्वच्छ पाणी फवारावे. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे असे समजावे. काही क्षण थांबून परतला तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक. पुल्या वाकड्या असल्यास किंकाळीपेक्षा चिमणीसारखा तुटक चिवचिवाट येतो.

स्प्रे मात्र पुन्हा मारू देऊ नका. तो चिकट थर धूळ धरून ठेवतो आणि मूळ दोष झाकतो. बॅटरी जुनी असेल तर तीही तपासा, कारण ती भरायला अल्टरनेटरला जास्त वेळ राबावे लागते. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.५ असावे. हाताने ताण देण्याची सोय असेल तर बेल्ट गरजेपेक्षा जास्त आवळू नये, त्याने अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगे जातात. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल, तर त्याची स्प्रिंग सैल झाली आहे का आणि चालू इंजिनात त्याचा हात थरथरतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

गगनबावडा मार्ग
आमच्या घाटरस्त्यावर लाल चिखल पुलीच्या खाचांत घट्ट बसतो आणि नवा बेल्टही घसरू लागतो. इंजिन बंद असताना ब्रशने पुल्या कोरड्या साफ कराव्यात. शिवाय तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बेल्टवर गळत नाही ना, हेही पाहावे.

कळंबेकर
आपले मनापासून आभार. पाणी फवारताच आवाज वाढला. वॉटर पंपाजवळ वाळलेले गुलाबी डागही सापडले.

उद्यमनगरचा कारागीर
गुलाबी डाग कूलंटचे दिसतात. आधी गळती थांबवा, कारण कूलंटने भिजलेला बेल्ट धुऊन पुन्हा बसवणे हा तात्पुरता उपाय ठरतो. पंप उतरवताना आयडलर (बेल्टला फक्त दिशा देणारी मोकळी पुली) आणि टेन्शनरची पुली हाताने फिरवून पाहायला सांगा. खरखर लागली तर त्याही बदला, कारण बेल्ट उतरवण्याची मजुरी तीच राहते. पुल्या स्वच्छ करून मगच नवा बेल्ट टाका आणि त्याचा नंबर गाडीच्या माहितीपुस्तिकेशी किंवा जुन्या बेल्टवरील नंबराशी ताडून घ्या. तोपर्यंत लांबचा प्रवास टाळा. वाटेत बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर बेल्ट तुटल्यावर थोडेसे अंतर चालवणेही इंजिनाला महागात पडते.