जुन्या गीतांना नवी चाल लावली, तर गीत तेच राहते का?

प्रश्न : नाना पेठेतील गिटारवाला

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. ‘जार्स ऑफ क्ले’ या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडचा ‘रिडेम्प्शन साँग्ज’ हा २००५ सालचा अल्बम आमच्या तरुण संघात सध्या फार ऐकला जातो. जुनी उपासना गीते त्यात नव्या साजात गायली आहेत. तो ऐकून आम्ही शनिवारच्या सरावात ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातील एक भाषांतरित गीत गिटार आणि ड्रमवर नव्या चालीत बसवले. पेटीवर बसलेल्या वडीलजनांनी दुसऱ्या कडव्यालाच भाता मिटला आणि ते शांतपणे म्हणाले, “शब्द ओळखीचे आहेत, पण हे गीत आमचे नाही.” कोणी रागावले नाही, पण सराव तिथेच थांबला. चाल बदलली म्हणजे गीतच बदलले असे मानावे का, आणि या बँडने जुन्या गीतांचे नेमके काय केले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना ऑर्गनवादक

इंग्रजी उपासना गीतांच्या परंपरेत शब्द आणि चाल यांची गाठ आपण समजतो तितकी पक्की कधीच नव्हती. पुष्कळ गीते ठरावीक अक्षरसंख्येच्या साच्यात रचलेली असतात. त्यांतील सर्वांत परिचित साचा ८-६-८-६ अक्षरांचा असून, त्यातले कोणतेही गीत त्याच मापाच्या दुसऱ्या चालीवर गाता येते. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन यांनी अठराव्या शतकात लिहिले, पण आज जगभर गायली जाणारी चाल त्यांना १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. न्यूटन यांनी ती चाल या शब्दांसह कधीच ऐकली नाही.

या अल्बममध्येही तेच सूत्र आहे. न्यूटन यांचेच ‘लेट अस लव्ह अँड सिंग अँड वंडर’ हे गीत त्यात लॉरा टेलर या आजच्या संगीतकार स्त्रीच्या चालीवर आहे, तर अठराव्या शतकातील कवयित्री अ‍ॅन स्टील यांच्या एका गीताला केव्हिन ट्विट यांची चाल आहे. विस्मरणात गेलेल्या गीतांना नव्या चाली देणारा ‘इन्डेलिबल ग्रेस’ हा उपक्रम नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांबरोबर काम करताना ट्विट यांनीच सुरू केला, आणि अल्बमवर त्याची छाप स्पष्ट दिसते. मात्र सगळीच गीते जुनी नाहीत. शेवटचे गीत पीटर शोल्टस या शिकागोच्या कॅथलिक धर्मगुरूंनी १९६०च्या दशकात रचलेले आहे. दोन गीतांत ‘ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा’ या जुन्या गॉस्पेल वृंदाचे आवाज आहेत, आणि माझ्या मते अल्बममधील सर्वांत सच्च्या जागा त्याच आहेत.

उत्तर : छंदांत रमणारी

वरील माहितीला मराठीची बाजू जोडते. मोठ्या अभंगाचे माप ६-६-६-४ अक्षरांचे असते, आणि त्यात लघु-गुरूचे बंधन नसल्यामुळे एकाच अभंगाला कितीतरी चाली लागतात. तुकोबांचा अभंग वारीत एका चालीवर आणि मैफलीत दुसऱ्या चालीवर ऐकून, अभंग बदलला असे कोणी म्हणत नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी ओवी-अभंगाची वाट धरली, त्यामुळे त्यांच्या रचनांनाही हे स्वातंत्र्य आपोआप मिळाले आहे.

परदेशी चालीत बसवलेल्या भाषांतरित गीतांची गोष्ट वेगळी आहे. ‘प्रभू’ हाच शब्द घ्या. चालीचा ठोका पहिल्या अक्षरावर लांबला आणि दुसरे अक्षर घाईत आले, तर उच्चार ‘प्राभु’ असा होतो. आपण लहानपणापासून तसेच गात आलो असल्यामुळे ते कानाला खटकत नाही, इतकेच. म्हणून नवी चाल लावायचीच असेल, तर ती याच गीतांना आधी लावावी, असे माझे मत आहे. तुमच्या तरुण संघाने गीताची निवड चुकवलेली नाही.

उत्तर : तिसऱ्या बाकावरचा

वरील मत शास्त्रात बसते, पण चर्चमध्ये बसेलच असे नाही. ज्या चालींना आपण अवघडलेल्या म्हणतो, त्याच चालींवर आम्ही दफनभूमीत पुस्तक न उघडता गायलो आहोत. वडीलजनांनी भाता मिटला तो छंदासाठी नव्हे.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. अल्बममधील गायक एकटा गातो. त्याची पट्टी त्याच्या गळ्याची असते, आणि ओळींमधील वाद्यांच्या जागा त्याला आधीच ठाऊक असतात. रविवारी बाकांवर बसलेल्यांना ओळ कधी उचलायची हेच कळत नाही, मग ते हात बांधून ऐकतात आणि उपासनेचा कार्यक्रम होऊन बसतो. पट्टी दोन स्वर खाली घ्या, ओळींमधील गिटारचे तुकडे काढून टाका आणि पहिले कडवे वाद्यांशिवाय म्हणा.

जाता जाता एक सूचना करतो. जुन्या गीतांचे शब्द कॉपीराइटमधून मोकळे असले, तरी हयात संगीतकाराची नवी चाल मोकळी नसते. ती उचलून ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. दफनभूमीचा उल्लेख वाचल्यावर काल वडीलजनांच्या घरी गेलो. आमचे गीत त्यांच्या पत्नीच्या अंत्यविधीला गायले गेले होते, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते गीत आम्ही जुन्या चालीवरच ठेवत आहोत. नव्या चालीसाठी दुसरे गीत त्यांनी स्वतःच पुस्तकातून काढून दिले. “याची चाल मलाही कधी नीट जमली नाही,” असे ते म्हणाले. शनिवारी त्याचे पहिले कडवे ते एकटे पेटीवर वाजवतील, आणि ड्रमऐवजी आम्ही ढोलकी घेणार आहोत.