मोशेने मुलांना बाजूला ठेवून यहोशवाला पुढे केलं, ते बरोबर होतं का?

गोदातीर

बायबलच्या कथेत इस्राएली लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आणणाऱ्या मोशेला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. ४० वर्षं रानात लोकांना सांभाळणाऱ्या माणसाने मरणापूर्वी आपली जागा त्यांच्यापैकी एकाला दिली असती, तर तेव्हा कुणाला नवल वाटलं नसतं. मिसरात फारोनंतर फारोचा मुलगा, हेच इस्राएली पिढ्यान्‌पिढ्या बघत आले होते. पण बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात मोशे मुलांसाठी शब्दही टाकत नाही. मंडळी मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होऊ नये, तिच्यावर कुणाला तरी नेम, एवढंच तो परमेश्वराकडे मागतो. नेमला जातो तो नूनचा मुलगा यहोशवा. मोशे लेवी वंशाचा, हा एफ्राईम वंशाचा.

तांबडा समुद्र दुभंगला ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र मोशेच्या विश्वासाची खरी कसोटी इथे दिसते.

यहोशवा एका दिवसात वर आलेला नाही. रफीदीमला अमालेक्यांशी लढाई झाली तेव्हा माणसं निवडून नेणारा तोच होता. १२ हेरांपैकी १० जण कनान, म्हणजे देवाने देऊ केलेला देश, घेता येणार नाही म्हणाले, तेव्हा कालेबबरोबर उभा राहिलेला तोच. त्याचं चुकलंही. एलदाद आणि मेदाद हे दोघे छावणीत देवाचा संदेश देऊ लागले तेव्हा 'त्यांना मना करा' म्हणून तो मोशेकडे आला. मोशेने त्यालाच विचारलं, माझ्यासाठी तुला हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं! वारसाला शिकवायचा मुख्य धडा हाच होता, असं मी मानतो.

नेमणूकही तंबूत गुपचूप झाली नाही. याजक एलाजार आणि सगळी मंडळी समोर असताना मोशेने त्याच्यावर हात ठेवले. आज्ञा होती ती आपल्या तेजातलं काही त्याला देण्याची, सगळं नाही. शिवाय यापुढे यहोशवाने एलाजारसमोर उभं राहायचं आणि उरीमच्या (देवाची इच्छा जाणण्याच्या याजकाजवळच्या साधनाच्या) कौलाने निघायचं. मोशे परमेश्वराशी समोरासमोर बोलत असे, वारसाला मात्र दुसऱ्या माणसातर्फे विचारावं लागणार होतं. म्हणजे पुढच्या पुढाऱ्याचा अधिकार मुद्दाम कमी ठेवला. गादी कुणाच्या घरची नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? माझ्या मते इस्राएलाने हीच वाट पुढेही धरायला हवी होती.

सह्यवेडा

निवड उत्तम होती, वाद नाही. पण पुढचं पान उलटा की!

यहोशवा ११० व्या वर्षी वारला आणि जाताना कुणालाच नेमून गेला नाही. शखेम गावी त्याने लोकांकडून वचन घेतलं, कुणाची सेवा करायची ते आजच ठरवा म्हणून बजावलं, पण 'माझ्यामागे कोण' हे सांगितलंच नाही. पुढच्या शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात परमेश्वराला न ओळखणारी पिढी उभी राहते. मग तेच ते. शत्रूने छळायचं, लोकांनी धावा करायचा, कुणीतरी सोडवणारा यायचा, तो मेला की पुन्हा मूर्ती. शेवटी गिबा गावातल्या त्या भयंकर अत्याचारावरून आपापसातच युद्ध पेटलं आणि बन्यामीन वंशाचे ६०० पुरुष तेवढे उरले. 'त्या दिवसांत इस्राएलास राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी', असं ग्रंथ स्वतःच म्हणतो.

देव दर वेळी योग्य माणूस पाठवेल, याला विश्वास म्हणा, पण राज्य त्याच्यावर चालत नाही. दावीद राजाचा मुलगा शलमोन याच्यानंतर राज्य दुभंगलं, त्यातलं उत्तरेकडचं पाहा. तिथे घराणं टिकलं नाही, सुमारे २०० वर्षांत १९ राजे झाले. जिम्री ७ दिवस टिकला. येहूला संदेष्ट्याकडून अभिषेक झाला आणि आधीच्या अहाब राजाचे ७० मुलगे मारले गेले. दक्षिणेत यहूदात दावीदाचं घराणं सुमारे ४०० वर्षं राहिलं, गादी बळकावणाऱ्या अथल्या राणीची मधली ६ वर्षं सोडली तर. पुढे कोण, हे आधीच ठाऊक असलं की तलवारी कमी निघतात.

गोदातीर

दावीदाच्या घरात तलवारी कमी निघाल्या? अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केलं. अदोनीयाने बाप जिवंत असताना स्वतःला राजा म्हणवलं, आणि शलमोनाने गादीवर बसल्यावर त्याला मारवलं. नातू रहबाम तर योग्य घरात, योग्य क्रमाने जन्मलेला. शखेमला लोक म्हणाले, तुमच्या वडिलांनी लादलेलं जू हलकं करा. वडीलधाऱ्यांनी समजावलं तरी त्याने बरोबर वाढलेल्या तरुणांचं ऐकलं. वडिलांनी चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन, असं उत्तर दिलं आणि १० वंश गमावले.

मला जास्त दुःख होतं ते शमुवेल संदेष्ट्याचं. याजक एलीच्या मुलांनी, हफनी आणि फिनहास यांनी, शिलो इथे अर्पणांची काय दशा केली ते त्याने लहानपणी पाहिलेलं. त्या घराण्याच्या शिक्षेचा निरोप एलीला सांगितला तोही त्यानेच. आणि म्हातारपणी त्यानेच आपल्या योएल आणि अबीया या मुलांना बैर-शेबा इथे शास्ते, म्हणजे न्यायाधीश, नेमलं. त्यांनी लाच खाल्ली, न्याय वाकवला. 'आम्हाला राजा द्या' म्हणून इस्राएलाचे वडीलधारे शमुवेलाकडे रामा गावी आले ते यानंतर. एवढ्या मोठ्या माणसालाही जे जमलं नाही ते मोशेला जमलं, म्हणून मला त्याचं इतकं मोल वाटतं.

चौकस

एक गोष्ट ध्यानात घ्या. हे ग्रंथ आज आहेत त्या रूपात आले ते घटनांच्या फार नंतर. यहूदाचा राजा योशीया याचा काळ किंवा यहुद्यांना बाबेलला कैद करून नेलं तो काळ, असं बरेच अभ्यासक मानतात. मोशे किंवा यहोशवा यांचा बाहेरचा पुरावा नाही. इ.स.पू. १२०८ च्या सुमारास मिसरी राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात इस्राएल हे नाव येतं, तेही लोकांचं म्हणून. 'दावीदाचं घराणं' हे शब्द दान इथे १९९३ मध्ये सापडलेल्या शिलेवर आहेत आणि ती इ.स.पू. ९ व्या शतकातली.

म्हणून तुमचा वाद मूळ लिहिणाऱ्यांचाच आहे. राजा नव्हता म्हणून अनर्थ झाला असं शास्ते सांगतं, तर राजा मागणं म्हणजे परमेश्वराला नाकारणं असं पहिलं शमुवेल हे पुस्तक सांगतं. संकलन करणाऱ्यांनी दोन्ही ठेवलं, एकाची बाजू खोडली नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

रेवदंडा

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातला. तुम्ही दोघं मोशेच्या भावाला, याजक अहरोनाला विसरलात. होर डोंगरावर मोशेने अहरोनाची याजकाची वस्त्रं उतरवून त्याच्या मुलाला, एलाजारला घातली. बापानंतर मुलगा, आणि तेही मोशेच्याच हातून. वेदीचं काम घराण्यात, लोकांचं पुढारपण घराण्याबाहेर. त्यामुळे वंशपरंपरा ही विश्वासाच्या विरुद्धच असते, हे गोदातीर यांचं म्हणणं मला मान्य नाही.

आणखी एक. मोशेने यहोशवाच्या बरोबरीने नियमशास्त्रही मागे ठेवलं. दर ७ व्या वर्षी मांडवांच्या सणात ते पुरुष, बायका, मुलं आणि परके अशा सगळ्यांसमोर वाचावं, अशी अनुवाद या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात आज्ञा आहे. आमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) सिम्हात तोराला, म्हणजे नियमशास्त्राचं वर्षभराचं वाचन पूर्ण होण्याच्या सणाला, मोशेच्या मृत्यूचा भाग वाचून लगेच उत्पत्तीची सुरुवात वाचतात, आणि संदेष्ट्यांमधला त्या दिवसाचा भाग असतो यहोशवाचा पहिला अध्याय. पुढारी मेला म्हणून वाचन थांबत नाही.

आमचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी परंपरा आहे. नंतर पिढ्यान्‌पिढ्या ना रब्बी, ना ग्रंथ. तरी शनिवारी, विसाव्याच्या पवित्र दिवशी, तेलाचा घाणा बंद राहिला, म्हणून तर कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत. सुंता राहिली, शेमा ही प्रार्थना राहिली. राजा नव्हता आणि यहोशवाही नव्हता. पुढे दाविद राहबी नावाच्या गुरूंनी तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली, त्यांना काजी म्हणत, आणि ते काम त्या घराण्यांतच चालत आलं, असं आमच्यात सांगतात. लग्नं, सुंता, तंटे त्यांनीच सांभाळले. म्हणून घराण्यांना इतकं कमी लेखू नका.

सह्यवेडा

रेवदंडा, तुमचा नियमशास्त्राचा मुद्दा मला पटला. पण ते नियमशास्त्रसुद्धा मंदिरात हरवलं होतंच ना? हिल्कीया याजकाला ते सापडलं ते योशीयाच्या राज्यात. हा योशीया ८ व्या वर्षी गादीवर आला. बाप आमोन आणि आजा मनश्शे, दोघेही मूर्तिपूजक. गुण बघून निवड करायची असती तर या मुलाकडे कुणी पाहिलंही नसतं. तो राजा झाला तो केवळ दावीदाच्या घरात जन्मला म्हणून, आणि त्याच्याइतकं मनापासून परमेश्वराकडे वळणारा राजा दुसरा झाला नाही असं ग्रंथ म्हणतो. याचं उत्तर द्या.

गोदातीर

योशीयाबद्दल माझ्याही मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण तो मगिद्दो इथे इ.स.पू. ६०९ मध्ये लढाईत पडला. त्याच्यामागे गादीवर त्याचे तीन मुलगे आणि एक नातू आले, यहोआहाज, यहोयाकीम, यहोयाखीन, सिद्कीया. चौघांनीही परमेश्वराच्या दृष्टीने वाईट तेच केलं. यिर्मया संदेष्टा त्या सगळ्या वर्षांत यरुशलेमातच होता, बोलत होता. यहोयाकीमाने त्याच्या संदेशांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, सिद्कीयाच्या राज्यात त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर जळालं. घराणं तेव्हाही दावीदाचंच होतं.